परवलीचा शब्द आणि उपाध्यायांची वही

जुने नाशिककर गोदावरीला क्वचितच गोदावरी म्हणतात. ते ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. त्या गंगेवर, रामकुंडाच्या आसपास किंवा वर त्र्यंबकेश्वरी, पितृकार्यासाठी आलेल्या परगावच्या यजमानाने आपले आडनाव आणि मूळ गाव सांगितले म्हणजे त्याच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्याय कोणते हे थोड्या चौकशीने ठरते, मग त्या उपाध्यायांच्या घरातून कापडात गुंडाळलेले एक लांबट बाड बाहेर येते, पाने उलटली जातात, आणि यजमानाचे पणजोबा कोणत्या साली, कोणत्या भावंडांसह, कोणाच्या अस्थी घेऊन येथे आले होते याची नोंद त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. पणजोबांची कापऱ्या हाताने केलेली सही पाहून भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. मग यजमान स्वतःचे, बायकोचे आणि मुलांचे नाव खाली लिहितो व सही करतो, आणि वही पुन्हा कापडात जाते.

या वहीकडे आजच्या दृष्टीने पाहिले, तर नावे, नाती, गावे, मृत्यूच्या तिथी, दुसऱ्या लग्नाची बायको, दत्तक गेलेला मुलगा, अशी एखाद्या कुटुंबाविषयी असू शकेल तेवढी नाजूक माहिती तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली आहे. आणि तरीही ती वही लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही. असे का व्हावे, याचा मी बराच विचार केला आहे. वहीची प्रत एकच असे. ती वाचायची तर मोडी यावी लागे आणि हजारो पानांतून नेमके पान काढण्याची उपाध्यायांची विद्याही यावी लागे. आणि मुख्य गोष्ट अशी, की ती सांभाळणारा माणूस माहीत असे, त्याचे घर माहीत असे, माहिती कशासाठी घेतली हेही माहीत असे, आणि त्या कामाखेरीज ती वापरल्यास त्याच्या घराण्याची पत जाई. संगणकाने यातली एकेक तटबंदी पाडली. प्रत क्षणात आणि फुकट निघते, कोट्यवधी नोंदींतून हवे ते नाव शोधायला निमिषही लागत नाही, आणि वही कोणाच्या माडीवर आहे हे तर बहुतेकदा कळतच नाही. या प्रकरणात ज्या उपायांचा विचार करायचा आहे, ते सगळे या पडलेल्या तटबंदीच्या जागी काहीतरी नवे उभे करण्याचे उपाय आहेत. आणि प्रत्येक ठिकाणी विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: ही नोंद कोणाच्या वहीत जाते आहे, आणि त्या कामाला ती खरोखर लागते का?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे हे आता न्यायालयानेही मान्य केले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायदा आणि निकाल आपल्या जागी आवश्यकच आहेत. परंतु घराला कडी घालण्याचे काम न्यायालय करीत नाही, ते ज्याचे त्यालाच करावे लागते.

कडीचा विचार करायला नाशिकइतके योग्य गाव दुसरे नाही, कारण विश्वासार्ह कागद निर्माण करणे हाच या गावाच्या एका मोठ्या भागाचा शंभर वर्षांचा व्यवसाय आहे. नाशिकरोडला ‘प्रेस’ एवढेच म्हटले की पुरते. छापखाना कोणता, हे विचारावे लागत नाही. भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. ती १९२५-२६ पासून नाशिकला छापली जाऊ लागली, १९२८ मध्ये चलनी नोटांची छपाई सुरू झाली, आणि मुद्रांक कागद, धनादेश, पारपत्रे असा राज्याच्या विश्वासाचा सगळा कागदी सरंजाम येथून देशभर जाऊ लागला. या प्रेसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली कुटुंबे जेल रोडला, देवळालीगावात, उपनगरात आहेत, आणि तपासणीखेरीज दरवाजातून आत वा बाहेर न जाण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली आहे.

याच प्रेसमध्ये आता चिप बसवलेले ई-पारपत्र तयार होते, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. कारण ज्याला आपण डिजिटल सुरक्षितता म्हणतो तिचे सारे व्याकरण त्या छोट्या पुस्तिकेत सामावलेले आहे. चिपमध्ये धारकाचा तपशील आणि छायाचित्र असते, आणि त्यावर शासनाची अंकीय स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी म्हणजे काय, हे समजण्यासाठी शिवकालीन पत्र डोळ्यांपुढे आणावे. त्या पत्राच्या माथ्यावर महाराजांची मुद्रा असे आणि मजकूर संपला की तेथेच ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादेची मुद्रा उठवली जाई, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. पत्र कोणाचे, याची ग्वाही पहिली मुद्रा देई; पत्र जेवढे लिहिले तेवढेच आहे, याची ग्वाही दुसरी देई. अंकीय स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकदम करते. सगळ्या मजकुरावर एक गणिती क्रिया करून त्याचा ठराविक लांबीचा सारांश काढतात, आणि ही क्रिया अशी असते की मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी सारांश संपूर्ण वेगळा निघतो. मग तो सारांश शासनाकडील गुप्त किल्लीने मुद्रांकित होतो, आणि जगातल्या कोणत्याही विमानतळावरचा अधिकारी शासनाने जाहीर केलेल्या दुसऱ्या किल्लीने ती मुद्रा खरी की खोटी हे पडताळू शकतो. शिक्का उठवण्याची शक्ती एकाकडे, तो तपासण्याची सर्वांकडे: १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी जी कल्पना जगापुढे मांडली, तिचे हे फळ आहे.

परंतु मला अधिक आवडते ती दुसरी योजना. चिप स्पर्शावाचून, रेडिओलहरींनी वाचता येते; मग गर्दीत आपल्या शेजारून जाणाऱ्याने ती खिशातच का वाचू नये? तर त्याची तजवीज अशी केली आहे, की पारपत्राच्या आतील पानावर तळाशी ज्या दोन सांकेतिक ओळी छापलेल्या असतात, त्यांतील पारपत्र क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून किल्ली तयार होते, आणि ती किल्ली लागल्याखेरीज चिप बोलत नाही. म्हणजे धारकाने स्वतःच्या हाताने पुस्तिका उघडून समोर धरली, तरच आतली वही उघडते. किती सुंदर आणि किती सभ्य व्यवस्था आहे ही! मात्र तिच्यात एक छिद्र आहेच: ज्याच्याकडे त्या पानाची छायाप्रत आहे, त्याच्याकडे किल्लीही आहे, आणि अशा छायाप्रती आपण लॉजच्या नोंदणीपासून प्रवासी कंपनीपर्यंत मुक्तहस्ते वाटत असतो.

प्रेसच्या इतिहासातला एक दुःखद अध्यायही येथे सांगितला पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठी थेट उपयोगाची गोष्ट आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने बनावट मुद्रांकांचा जो देशव्यापी व्यापार उभा केला, त्यात त्याने जलचिन्हांचे गूढ कुठल्या प्रयोगशाळेत उकलले नव्हते. प्रेसमधून बाद ठरवलेली जुनी यंत्रसामग्री लिलावाच्या वाटेने त्याच्या हाती आली, आणि पैशाने फितलेली माणसे त्याला वाटेत भेटत गेली. २००१ मध्ये त्याला अटक झाली, पुढे दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. कुलूप शाबूत राहते आणि बाद झालेल्या सामानातून चोरी होते, ही गोष्ट आपल्या घरालाही लागू आहे. मेन रोडवर किंवा ऑनलाइन जुना मोबाइल विकताना सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे, आपली खाती त्यातून बाहेर काढावी आणि मग सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट करावे. अलीकडच्या फोनमध्ये साठवण आधीच कूटबद्ध असल्यामुळे रिसेटबरोबर तिची किल्ली नष्ट होते आणि उरते ती निरर्थक अक्षरांची रास. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कचे तसे नाही. तेथे फाइल पुसली म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतले तिचे नाव जाते, मजकूर पानावर तसाच राहतो आणि साध्या साधनांनी परत मिळतो. म्हणून संगणक वापरात असतानाच बिटलॉकर, व्हेराक्रिप्ट किंवा लिनक्सवरील लक्स यांपैकी जे लागू असेल त्याने डिस्क कूटबद्ध करून ठेवावी. विकायच्या दिवशी धावपळ करावी लागत नाही.

आता झेरॉक्सच्या दुकानाविषयी. मागच्या वर्षी भाडेकराराच्या कामासाठी मला आधारपत्राची प्रत हवी होती म्हणून मी शहरातल्या एका दुकानात गेलो. काउंटरमागचा मुलगा नेहमीच्या सवयीने म्हणाला, ‘काका, ह्या नंबरवर व्हॉट्सॲप करा.’ मी मान वाकवून पडद्याकडे पाहिले. डाउनलोडचे दालन उघडे होते. एकाच नावाच्या फायली ओळीने लागल्या होत्या, प्रत्येकीच्या शेवटी कंसात अनुक्रमांक, आणि शेवटचा अनुक्रमांक दोनशेच्या पुढचा. मधून मधून कुणाचा रद्द केलेला धनादेश, कुणाच्या मुलीची गुणपत्रिका, कुणाचा रक्ततपासणीचा अहवाल. ‘हे सगळं डिलीट करतोस का रे?’ मी विचारले. ‘करतो ना काका, जागा भरली की करतो,’ तो म्हणाला. मुलगा सालस होता. माझे काम होईपर्यंत त्याने एका म्हातारबाबांना पेन्शनचा फॉर्म स्वतः भरून दिला. त्याच्या मनात काळेबेरे नव्हते. पण एका साध्या संगणकावर, परवलीच्या शब्दावाचून, त्याच्याकडे शेकडो घरांची वही पडून होती, आणि ती आपल्याकडे आहे याची त्याला जाणीवही नव्हती. पाठवणाऱ्याने नंतर आपल्या फोनवरून संदेश मागे घेतला, तरी तेथे उतरून घेतलेली फाइल जात नाही.

पुष्कळ लोकांना वाटते की आधारची पीडीएफ फाइल कुलूपबंद असते, मग भीती कसली? तिचे कुलूप असे आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे जन्मसाल. नाव तर बहुधा फाइल पाठवणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवरच दिसते. राहिले जन्मसाल, ते फार तर शंभर प्रयत्नांत सापडावे, आणि ओळखीच्या माणसाला तर एकाच. त्या कुलपाला कडी म्हणणे कठीण आहे.

याला उपाय आहेत, आणि ते पुरेसे वापरले जात नाहीत म्हणून जिवाला लागते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ प्रत मिळते, तीत शेवटचे चार अंकच दिसतात आणि ओळख पटवण्याच्या बहुतेक कामांना ती पुरते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने हीच प्रत वापरण्याची सूचना काढली, तेव्हा देशभर गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. सूचना गेली, पण सोय राहिली आहे. सोळा अंकी आभासी क्रमांक काढता येतो आणि वाटेल तेव्हा नवा काढून जुना निकामी करता येतो. अंगठ्याच्या ठशाला एमआधार ॲपमधून कुलूप घालता येते. तेही घालावेच, कारण काही राज्यांत नोंदणी कार्यालयांच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी नमुने करण्याचे आणि त्यांवर बँकेतून पैसे काढण्याचे गुन्हे घडलेले आहेत. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? आणि कागदी प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर पेनाने आडवे, मजकुराला छेदून, ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख घालण्याची जुनी कारकुनी पद्धत मी अजून पाळतो. मर्यादेची मुद्राच ती.

आता परवलीचा शब्द. गडाच्या दरवाजावर रात्री परवली विचारली जाई आणि ती वरचेवर बदलली जाई. शत्रूने आज ती चोरून ऐकली तरी उद्या तिचा उपयोग नसे, आणि एका गडाची परवली दुसऱ्या गडावर चालत नसे. आपण नेमके उलट करतो. मुलाचे नाव, त्यापुढे जन्मसाल आणि शेवटी एक चिन्ह, असा एकच शब्द बँकेपासून चपलांच्या दुकानापर्यंत सर्व दरवाजांवर लावतो. चोर बँकेचा दरवाजा फोडत बसत नाही. तो चपलांच्या दुकानाची कमकुवत वही पळवतो आणि तिच्यातले ईमेलचे पत्ते व परवलीचे शब्द यंत्राकरवी इतर लाखो दरवाजांवर लावून पाहतो. आपला पत्ता अशा कोणत्या फुटलेल्या वहीत आला आहे का, हे ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव्ह आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पाहता येते. मी पाहिले तेव्हा माझा पत्ता अनेक ठिकाणी निघाला, आणि त्या दिवसापासून हा विषय मी गांभीर्याने घेतला.

प्रत्येक दरवाजाला वेगळा शब्द, आणि तोही वीसवीस अर्थहीन अक्षरांचा, ही गोष्ट माणसाच्या स्मरणशक्तीला शक्य नाही; म्हणून ती परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या संगणकीय तिजोरीवर सोपवावी. बिटवॉर्डन आणि कीपास-एक्ससी या दोन तिजोऱ्या मी वापरल्या आहेत. पहिलीत तुमचे शब्द कूटबद्ध होऊन कंपनीच्या संगणकावर राहतात, त्यामुळे फोन आणि संगणक दोन्हींकडे आपोआप मिळतात. दुसरीत सारी तिजोरी म्हणजे तुमच्याच संगणकावरची एक फाइल, जिची ने-आण आणि राखणही तुम्हालाच करावी लागते. पहिलीत सोय अधिक, दुसरीत स्वाधीनता अधिक. २०२२ मध्ये लास्टपास या प्रसिद्ध कंपनीच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्याच चोरांनी उचलून नेल्या, तेव्हा ज्यांचा तिजोरी उघडण्याचा मुख्य शब्द भक्कम होता ते निर्धास्त राहिले आणि ज्यांचा लेचापेचा होता त्यांना झोप लागेना. म्हणून घरच्या माणसांना मी बिटवॉर्डनच सुचवतो, पण मुख्य शब्द माझ्यासमोर, फासे टाकून ठरवायला लावतो.

ती रीत सांगतो. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली ही ‘डाइसवेअर’ पद्धत आहे. एक साधा फासा घ्यावा, ल्युडोचा चालतो. तो पाच वेळा टाकला म्हणजे पाच अंक मिळतात. सहाचा पाचवा घात ७,७७६ होतो, आणि तेवढ्याच शब्दांची क्रमवार यादी तयार मिळते, तीतला त्या अंकांसमोरचा शब्द लिहून घ्यावा. असे सहा वेळा करून सहा शब्दांचे एक निरर्थक वाक्य बनते. आमच्या घरी हा उद्योग स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला; फासा ताटाखाली गेला तर तो डाव रद्द धरायचा, आणि न आवडलेला शब्द बदलायचा नाही, एवढेच दोन नियम. दुसरा नियम महत्त्वाचा आहे, कारण निवड आली की माणूस आला, आणि माणूस आला की त्याच्या आवडीनिवडी ओळखणारा चोर आला. अशा सहा शब्दांच्या शक्यता दोनावर तेवीस शून्यांहून अधिक होतात. सेकंदाला एक लाख कोटी शब्द ताडून पाहणारे यंत्र धरले, तरी सगळ्या तपासायला सुमारे सात हजार वर्षे लागतील. आणि विशेष असे, की ते वाक्य तिसऱ्या दिवशी तोंडपाठ होते.

ईमेलच्या खात्याकडे मात्र सर्वांत आधी लक्ष द्यावे. ते आपले हुजूर दफ्तर आहे; बाकी सगळ्या ठिकाणचा विसरलेला शब्द बदलण्याची परवानगी तेथेच येते, म्हणून ते गेले की सर्वस्व गेले. तेथे दुसरी कडी हवी. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा, पण कोणी आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड काढले किंवा फोनमध्ये संदेश वाचणारे ॲप शिरले की तो परक्याच्या हाती पडतो. एजिससारख्या ॲपमध्ये एकदा क्यूआर कोड दाखवून एक गुपित साठवले म्हणजे ते गुपित आणि घड्याळातली वेळ यांपासून दर तीस सेकंदांनी नवे सहा अंक तयार होतात; त्यासाठी नेटवर्क लागत नाही आणि अंक हवेतून प्रवासही करीत नाहीत. त्याहून पुढची पायरी पासकीची. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. तिजोरीचाही हा एक अप्रसिद्ध गुण आहे: बँकेच्या पानावर तिने शब्द आपणहून भरायला नकार दिला, तर तिच्यावर न चिडता वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा.

तथापि गणित भक्कम झाले म्हणून चोर थांबले नाहीत. ते माणसाच्या भीतीकडे वळले. फोन येतो, व्हिडिओवर गणवेशधारी माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो आणि निवृत्त शिक्षकाला त्याच्याच खोलीत दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या भाषणातून हे देशाला सांगितले, तरी ज्यांनी आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही अशी सरळ माणसेच या जाळ्यात सापडतात, कारण कायद्याचा धाक त्यांनाच असतो. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल ही याच टोळीची दुसरी वाट. पत्रिका हे चित्र असते, ते कधी इन्स्टॉल करावे लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच ती अडवता येते. आवाजाची नक्कल यंत्रे करू लागल्यापासून आमच्या घराने स्वतःची एक परवली ठरवली आहे. अडचणीत असल्याचा फोन आला की ती विचारायची, मग फोनवर सख्खा भाऊ का असेना.

संदेशांविषयी थोडक्यात. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये टोकापासून टोकापर्यंतचे कूटीकरण सर्वांना दिले, म्हणजे मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले ही नोंद वेगळी, आणि क्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला कुलूप घालण्याची सोय २०२१ मध्ये आली तरी ती आपली आपण चालू करावी लागते. सिग्नल हे ॲप त्या दृष्टीने अधिक मितभाषी आहे. म्हणून सगळ्या गोतावळ्याला तिकडे ओढून नेण्याचा अट्टाहास मी करीत नाही. मावशीच्या सकाळच्या नमस्काराला सिग्नलची गरज नाही, वकिलाशी आणि डॉक्टरांशी होणाऱ्या बोलण्याला आहे. व्हीपीएनविषयी मात्र भ्रम नसावा. त्याने आपली वही इंटरनेट पुरवणाऱ्याकडून काढून व्हीपीएन कंपनीकडे जाते, एवढेच. आणि एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनी अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्यास सांगितले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारताबाहेर हलवले.

नाशिकपुढे आज या विषयाचा जो सर्वांत मोठा प्रश्न आहे तो सिंहस्थ कुंभमेळ्याचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी, मागच्याच्या मागच्या सिंहस्थात, पर्वणीच्या चेंगराचेंगरीत ३९ यात्रेकरूंचे प्राण गेले. त्यानंतर २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या प्रेरणेने ‘कुंभथॉन’ नावाची चळवळ येथे चालली आणि तीतून नाशिकच्याच तरुणांनी ‘अशिओतो’ ही योजना तयार केली; या जपानी शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. रस्त्यावर दाब ओळखणारी चटई पसरायची, तिच्यावरून जाणारी पावले मोजायची, आणि गर्दी कोठे वाढते आहे हे पोलिसांना कळवायचे. मला या चटईचे अप्रूप अद्याप वाटते. तिला माणसे किती हे कळते. कोण, हे कळत नाही. चेहरा नाही, नाव नाही, जात नाही, गाव नाही. जीव वाचवायला जेवढे लागते तेवढेच ती विचारते. रासकरांनी पुढे २०२० च्या साथीत संपर्क शोधण्यासाठी जे ॲप पुढे आणले, त्यातही माणसाच्या फिरण्याची नोंद त्याच्याच फोनमध्ये राहील अशी रचना होती, आणि मला त्यात तीच चटई दिसते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी कॅमेरे लागतील, आणि ते लागावेत असेच मलाही वाटते. हरवलेली म्हातारी सापडावी, गर्दीत कोणाचा जीव जाऊ नये. परंतु हरवल्या-सापडल्याच्या चौकीवर पूर्वापार जे होते ते आठवा. लाउडस्पीकरवरून लाखो लोकांना ऐकू जाईल असे त्या म्हातारीचे नाव, गाव आणि लुगड्याचा रंगसुद्धा पुकारला जातो. खासगीपणाचा याहून मोठा त्याग कोणता? तो आपण आनंदाने करतो, कारण मुलगा धावत येतो, म्हातारी त्याच्या स्वाधीन होते, आणि आवाज गंगेवरच्या वाऱ्यात विरून जातो. कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा तसा विरत नाही. तो कोणत्या दिवशी पुसला जाईल, कोणाच्या हुकुमाने, आणि पुसला गेला याची खातरजमा कोण करील, हे ध्वजारोहणापूर्वी लेखी जाहीर व्हावे, एवढी मागणी नाशिककरांनी करावी. ती वाजवी आहे.

एक गोष्ट राहिली. माझ्या वडिलांचे निधन झाले तेव्हा त्यांचा फोन कुलूपबंद होता. त्यात आईचे फोटो होते, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा होत्या, ज्यांना कळवायचे त्या मित्रांचे क्रमांक होते. आम्ही दहाव्याच्या दिवशीही त्या काळ्या पडद्याकडे पाहत होतो. त्यांनी सगळे नीट कुलूपबंद ठेवले होते, पण किल्ली कोणाला सांगितली नव्हती. आता आमच्या घरी एक पाकीट असते. त्यात तिजोरीचे सहा शब्द, फोनचा पिन, ईमेलच्या खात्याचे राखीव कोड आणि बँकांची नुसती नावे एवढे असते. पाकिटाच्या सांध्यावर मी आणि पत्नीने सह्या केल्या आहेत आणि ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे. दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दुकानांत वह्यांची पूजा चाललेली असते तेव्हा, मी बॅकअपची डिस्क जोडून त्यातल्या पाच-सहा फायली खरोखर उघडतात का ते पाहतो, नव्या खात्यांची नावे कागदावर घालतो, आणि पाडव्यानंतर बँक उघडली की जुने पाकीट काढून नवे ठेवून येतो. गेल्या वर्षी मुलगी बरोबर आली होती. तिने पाकिटावरची सही पाहिली आणि खाली स्वतःची केली.